‘बॉर्डर’मधलं लोंगेवाला आणि खरं लोंगेवाला: फरक कसे शोधायचे?

पडदा_आणि_पुरावा
२६ जानेवारीच्या आठवड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना ‘बॉर्डर’ (१९९७) दाखवून नंतर तासभर चर्चा ठेवायची आहे. अडचण दुहेरी आहे. सुरुवातीला ‘सत्यघटनेवर आधारित’ असं दिसलं की मुलं प्रत्येक दृश्य खरं धरतात, आणि एखादी चूक दाखवली की मागच्या बाकावरून ‘सैन्याचा अपमान’ सुरू होतो. मुख्य फरक कोणते आणि असा चित्रपट तपासायची काही पद्धत आहे का, हे जाणकारांनी सांगावं. मतं नकोत, ठोस मुद्दे हवेत.

तोफखाना
आधी जे बरोबर आहे ते. लढाई ४ डिसेंबर १९७१च्या रात्री सुरू झाली आणि ५ तारखेच्या दिवसात तिचा निकाल लागला. जैसलमेर जिल्ह्यातल्या लोंगेवाला ठाण्यावर २३ पंजाब या पायदळ बटालियनची ए कंपनी होती. साधारण १२० जवान, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी कंपनी कमांडर, सोबत सीमा सुरक्षा दलाची छोटी तुकडी. समोर पाकिस्तानी पायदळाची ब्रिगेड आणि टी-५९ रणगाड्यांची रेजिमेंट. मागे हटायचं की थांबायचं हे ठरवायची मुभा चांदपुरींना होती आणि ते थांबले. त्यांना महावीरचक्र मिळालं. इथपर्यंत चित्रपट आणि इतिहास हातात हात घालून चालतात.

फाटा फुटतो तो मृतांच्या आकड्यावर. लोंगेवालाच्या ठाण्यावर आपले दोन जवान कामी आले. पडद्यावर एकामागून एक पात्रं धारातीर्थी पडतात. सर्वांत ढळढळीत उदाहरण भैरोसिंग यांचं. चित्रपटात ते सुरुंग घेऊन रणगाड्यावर धावतात आणि मरतात. प्रत्यक्षात सीमा सुरक्षा दलाच्या भैरोसिंग राठोड यांनी रात्रभर एलएमजी (हलकी मशीनगन) चालवली, १९७२ मध्ये त्यांना सेना पदक मिळालं आणि डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वृद्धापकाळात त्यांचं निधन झालं. म्हणजे चित्रपट लागला तेव्हा हा माणूस हयात होता, आणि पुढे पंचवीस वर्षं जगला. गस्तीवर असलेले लेफ्टनंट धरमवीरही लढाईतून जिवंत परतले. चित्रपटात तेही जातात.

मग दोनच का गेले? कारण ठाणं उंच टेकाडावर होतं आणि वर येणारा रणगाडा मऊ वाळूत रुतत होता. काटेरी तारा दिसल्यावर शत्रूला पुढे सुरुंग पेरलेत असं वाटलं आणि तो थबकला. सुरुंग तपासणारी माणसं पुढे आणण्यात अंधाराचे मोलाचे तास गेले. तोवर जीपवरच्या १०६ मिमी तोफेने जवळ आलेले रणगाडे टिपले. सकाळी सातच्या सुमारास उजाडलं आणि जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमानं आली. त्यांना रात्री लढता येत नव्हतं, हे चित्रपटानेही नीट दाखवलंय. उघड्या वाळवंटात रणगाड्याला लपायला झुडूपही नसतं आणि वर पाकिस्तानचं एकही विमान नव्हतं. हंटरच्या ३० मिमी तोफा आणि रॉकेटं यांनी पुढचं काम केलं. विमानातून काढलेल्या छायाचित्रात वाळूवर रणगाड्यांच्या वेड्यावाकड्या चाकोऱ्या दिसतात, ते मुलांना जरूर दाखवा. जीव वाचवायला चालक कसे गरगर फिरत होते ते एका नजरेत कळतं.

पडदा_आणि_पुरावा
सुरुंगाचं दृश्य तांत्रिकदृष्ट्या तरी शक्य आहे का?

तोफखाना
अवघड आहे. रणगाडाविरोधी सुरुंग दाबाने फुटतो आणि तो दाब साधारण १५० किलोच्या वर लागतो. माणूस वरून चालला तरी सहसा फुटत नाही, नाहीतर पेरणारेच आधी गेले असते. पट्ट्याखाली नेमका सरकवता आला तर फुटेल, पण चालत्या रणगाड्यासमोर ते करणं जवळपास अशक्य.

कलम_आणि_कात्री
पद्धतीबद्दल. पटकथेतले बदल वाटेल तसे होत नाहीत, त्यांना ठरलेल्या खुंट्या असतात. पहिली म्हणजे काळ आवळणं. दुसरी म्हणजे चार माणसांचं मिळून एक पात्र करणं. या दोन्ही माफ कराव्यात, त्याशिवाय चित्रपट होत नाही. तिसरी खुंटी फसवी: निकालाचं कारण बदलणं. लोंगेवालात जागेची निवड, शत्रूची ढिसाळ आखणी आणि विमानं या तीन गोष्टींनी निकाल लावला. कॅमेऱ्याला ‘जागेची निवड’ दाखवता येत नाही, छातीवर झेललेली गोळी दाखवता येते. म्हणून नियोजनाच्या जागी बलिदान येतं.

शत्रू समोर नसेल तर तो घरात शोधला जातो. ‘एअरलिफ्ट’ (२०१६) घ्या. १९९० साली इराकच्या आक्रमणानंतर कुवेतमधून सुमारे १,७०,००० भारतीय परत आले. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल त्याच ऑगस्टमध्ये बगदादला जाऊन सद्दामला भेटले होते आणि अम्मानहून एअर इंडियाची विमानं जवळजवळ दोन महिने फेऱ्या करत होती. चित्रपटात मात्र दिल्लीचं कार्यालय सुस्त आणि एक काल्पनिक व्यापारी सगळं ओढतो. परराष्ट्र खात्याने तेव्हा जाहीर नाराजी व्यक्त केली होती. देशभक्तीपटात देशाच्या यंत्रणेनेच केलेलं काम गाळलं जातं, ही गंमत मुलांच्या लक्षात आणून द्या.

कामाची रीत अशी: सगळा चित्रपट तपासू नका, आठ दृश्यं निवडा. कागदावर चार रकाने: दृश्य, त्यात केलेला दावा, पुरावा, बदल असेल तर कशासाठी. आधी नाव, तारीख, आकडा, हत्यार तपासा, हे चटकन मिळतं. संवाद शेवटी, कारण बंद खोलीतला संवाद बहुतेक लेखकाचाच असतो. चित्रपट तीन तासांना थोडा कमी आहे, तो मध्ये थांबवू नका. मुलं चिडतात आणि चर्चा तिथेच मरते. आणि हो, जाहीर प्रदर्शनासाठी हक्क असलेल्यांची परवानगी लागते, ती आधी बघा.

बखरवाला
मुलांना घराजवळचं उदाहरणही द्या. ‘तान्हाजी’ (२०२०) मध्ये कोंढाण्यावर अजस्र तोफ येते आणि राजगडाला धोका निर्माण होतो. नकाशा उघडा: दोन्ही गडांमधलं हवाई अंतर सुमारे १५ किमी. सतराव्या शतकातली तोफ फार तर दोन-तीन किमीवर काही कामाची. पट्टी ठेवली की दृश्य संपलं, कुठलीही बखर उघडायची गरज नाही.

बखर उघडलीत तर सभासदाच्या बखरीपासून सुरुवात करा. ४ फेब्रुवारी १६७०च्या लढाईनंतर तीनएक दशकांत, जिंजीला लिहिलेली. तिच्यात घोरपड नाही, ती पोवाड्यातून आली. ‘सिंहगड’ हे नाव तानाजींच्या आधीच्या, १६६३ च्या पत्रातही सापडतं, त्यामुळे नामांतराची कथाही सांभाळून सांगावी. तानाजींनी रात्री गड चढून घेतला आणि तिथेच देह ठेवला, हे यातल्या कशानेही हलत नाही.

पडदा_आणि_पुरावा
सेन्सॉरने हे तपासायला नको का? आणि ‘दोनच जवान गेले’ म्हटल्यावर पराक्रम लहान वाटला तर?

कलम_आणि_कात्री
ते त्यांचं कामच नाही. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात प्रमाणपत्र नाकारायची कारणं दिली आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. ‘इतिहास चुकला’ हे त्यात नाही.

तोफखाना
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समोरच्या बाजूकडेच आहे. १९७१च्या पराभवाची चौकशी करणाऱ्या पाकिस्तानच्या हमुदुर रहमान आयोगाने लोंगेवालावर चालून आलेल्या डिव्हिजनचे कमांडर मेजर जनरल मुस्तफा यांच्यावर खटल्याची शिफारस केली. आखणी लष्करीदृष्ट्या चुकीची आणि वाळवंटात वाहनांचं भयंकर नुकसान करणारी, असा ठपका होता. त्याच आखणीसमोर १२० जणांनी पहाटेपर्यंत ठाणं धरलं आणि गमावले फक्त दोन. कंपनी कमांडरचं मोजमाप याच आकड्यावर होतं.

एक खबरदारी: श्रेय ठाण्याचं की विमानांचं, यावर दोन्ही दलांच्या निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये जुना वाद आहे. एकाच बाजूच्या आठवणींवर रकाना भरू नका. मुलांना घड्याळ लावायला सांगा: रात्रीच्या लढाईला पडद्यावर किती मिनिटं आणि विमानांना किती. मग ५ तारखेचा दिवस किती लांब होता ते त्याशेजारी लिहायला लावा.