शब्दचर्चा : ‘आम्ल निचरा’ म्हणावे की ‘आम्लजनन क्षमता’?

प्रश्न : खनिजशोधाच्या पहिल्या टप्प्यावरील एका अहवालाचे मी मराठीकरण करीत आहे. खाणीतील टाकाऊ खडकातून पुढे आम्लयुक्त पाणी झिरपेल काय, याचा अंदाज आधीच कसा घ्यावा, असा त्यातील एका प्रकरणाचा विषय आहे. त्याला ‘खाणकचऱ्याचा आम्ल निचरा’ असे शीर्षक चालेल काय? आमच्या नाशिककडे निचरा चांगल्याच अर्थाने घेतात. द्राक्षबागेला निचऱ्याचीच जमीन लागते.

उत्तर : आपली शंका रास्त आहे, ‘आम्ल निचरा’ म्हटल्यास आम्ल काढून टाकण्याची सोय, असा उलटा अर्थ निघू शकतो. ‘आम्लयुक्त निचरा’ असे लिहिल्यास तो दोष जातो. तथापि, माझी हरकत वेगळी आहे : खनिजशोधाच्या सुरुवातीला निचराही नसतो आणि कचराही नसतो. पायराइटसारख्या सल्फाइड (धातू आणि गंधक यांच्या संयुगाच्या) खनिजांना हवेतील ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही मिळाले, म्हणजे सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि काही जिवाणू ही क्रिया कितीतरी वेगवान करतात. परंतु हे मुख्यतः खडक फोडून त्याचे ढीग रचल्यानंतर घडावयाचे असते. त्याआधी कोअरच्या, म्हणजे छिद्रण करून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाच्या, नमुन्यांवरून मोजता येते ती खडकाची ‘आम्लजनन क्षमता’ आणि तिच्यासमोर कॅल्साइटसारख्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) खनिजांची ‘उदासीनीकरण क्षमता’, म्हणजे आम्ल शमविण्याची क्षमता.

खडकात १ टक्का गंधक असेल आणि तो सगळा पायराइटमधील असेल, तर त्यातून होणारे आम्ल शमविण्यास दर टन खडकामागे ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागते. जिप्समसारख्या सल्फेटातील गंधक असे आम्ल देत नाही, म्हणून ‘एकूण गंधक’ आणि ‘सल्फाइड गंधक’ या संज्ञा अनुवादात एकमेकींत मिसळू देऊ नयेत. उदासीनीकरण क्षमतेला आम्लजनन क्षमतेने भागून येणारे गुणोत्तर १ पेक्षा कमी असल्यास खडक आम्लजनक मानण्याचा आणि २ पेक्षा अधिक असल्यास सहसा तसा न मानण्याचा प्रघात आहे. मधल्या खडकांना ‘अनिश्चित’ असेच म्हणावे. अनुवादकाने त्यांना ‘निर्धोक’ करून टाकू नये.

‘खाणकचरा’ऐवजी मी ‘संभाव्य टाकाऊ खडक’ लिहीन. शब्द लांबतो खरा, पण पुष्कळदा कोअरचा धातुकयुक्त (ज्यातून धातू काढावयाचा तो) भागच प्रयोगशाळेत जातो आणि आजूबाजूचा खडक, ज्याचा उद्या सर्वांत मोठा ढीग होणार, तो न तपासताच पेटीत राहतो. नमुने कशाचे घ्यावयाचे, हे निदान शब्दावरून तरी कळावे.

पुरवणी प्रश्न : आमच्या बेसाल्टलाही हे लागू होते काय? आणि ‘धोका’ लिहावे की ‘जोखीम’?

उत्तर : नाशिकच्या बेसाल्टमध्ये सल्फाइड फारच थोडे असते आणि त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइटही आढळते, त्यामुळे तेथील दगडखाणींबाबत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील थानेवासना येथील तांब्याच्या साठ्यासारख्या ठिकाणी, जेथे तांबे सल्फाइडच्या रूपात आहे, तेथे तो विचारावाच लागतो. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत गंधकयुक्त कोळशाच्या खाणींमुळे ओढे-नद्या आम्लयुक्त झाल्या आहेत. खडकात पायराइट असणे हा ‘धोका’ होय. त्यातून आम्ल होण्याची शक्यता किती आणि ते कोणाच्या विहिरीपर्यंत वा नदीपर्यंत पोहोचेल, हे दोन्ही जमेस धरले म्हणजे ती ‘जोखीम’. आपल्या अहवालात ढिगाची जागाच अद्याप ठरलेली नसेल, तर ‘जोखीम’ हा शब्द ‘प्राथमिक’ या विशेषणासहच वापरावा.