मदत हवी आहे: सातारा हिल हाफ मॅरेथॉन – चढ निभतोय, उताराचं काय करू?

नमस्कार मंडळी,

वय ४६, मुक्काम सोलापूर. चार वर्षं पळतोय. सपाटीवरची एक हाफ (म्हणजे २१ किलोमीटर) २ तास २४ मिनिटांत झाली आहे. ऑफिसातल्या एका पोराच्या नादी लागून यंदा साताऱ्याला नाव घातलं. हातात सात आठवडे आहेत.

अडचण अशी की आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. बाकी सगळी जमीन ताटासारखी. म्हणून गेल्या शनिवारी साताऱ्याला मावसभावाकडे मुक्काम टाकला आणि रविवारी पहाटे यवतेश्वर घाट करून बघितला. चढताना थोडं पळालो, बरंचसं चाललो. घड्याळ १७२ ठोके दाखवत होतं, पण पोचलो वर. खाली सातारा धुक्यात बुडालेला, अजिंक्यताऱ्याचा माथा तेवढा वर. म्हटलं, जिंकलं! आता काय, उतारच आहे. आणि सुसाट सुटलो.

तिसऱ्या किलोमीटरला मांड्या लटपटायला लागल्या. दुखत नव्हत्या, नुसत्या ऐकेनात. सोमवारी-मंगळवारी घरचा जिना मी कठडा धरून उलटा उतरत होतो. बायकोने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं.

पंढरपूरला दोनदा चालत गेलोय, त्यामुळे अंतराचं भय नाही. पण स्पर्धेत जेवढं चढायचं तेवढंच, त्याच रस्त्याने, उतरायचंही आहे. तर सपाट गावात राहून उताराचा सराव कसा करायचा? नी-कॅप घालू का? आणि घाटात चालत गेलं तर लोक हसतात का? (हसा, पण उत्तर द्या.)

– पठारी

---

घाटमाथा: शेवटच्याचं आधी सांगतो. कुणी हसत नाही, कारण निम्मे लोक तुमच्याबरोबर चालत असतात. मी दोनदा केली आहे. शहरातून समर्थ मंदिराच्या बाजूला जाईपर्यंतच हळूहळू चढ सुरू असतो, तो जाणवत नाही आणि तिथेच लोक पैसे उधळल्यासारखे पळतात. ढोल-ताशे असतात, सातारकर रस्त्याच्या कडेला उभे राहून ओरडत असतात, पाय आपोआप जोरात पडतात. तिथे स्वतःला आवरा. घाटात पेस (किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते) बघूच नका, श्वास बघा. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईना, की लगेच चालायला लागा. रेंगाळत नाही, झपझप.

फिजिओताई: तुमच्या मांड्यांना झालं ते अगदी पुस्तकातलं. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो. त्यात धाप लागत नाही, म्हणून माणूस फसतो, पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा त्यातच जास्त होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं. वारीत तुम्ही चाललात सपाटीवर, तिथे हे ब्रेक लागलेच नव्हते.

चांगली बातमी: एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच मार बराच सोसतो. म्हणजे तुमचा रविवार फुकट गेला नाही. आता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एका पायावर उभं राहा आणि दुसऱ्या पायाची टाच तीन आकडे मोजत जमिनीला टेकवा. गुडघा आत वळू देऊ नका. प्रत्येक पायाला १० वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. नी-कॅपने हे काम होत नाही. गुडघा आतून दुखत असेल किंवा सूज असेल तर मात्र आधी दाखवून घ्या. आणि पळायच्या आधी वेदनाशामक गोळी अजिबात नको, घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला महागात पडू शकते.

चहाटळ: उलटा जिना उतरतानाचा व्हिडिओ टाका, मग सल्ला देतो.

घाटमाथा: @पठारी, तुमचा पूल सोन्यासारखा आहे. लोक पूल चढताना जोर लावतात आणि उतरताना आराम करतात. तुम्ही उलट करा, चालत चढा आणि पळत उतरा. उतरताना अंग मागे टाकू नका, तसं केलं की टाच आपटते आणि प्रत्येक पावलाला धक्का थेट गुडघ्यात. पावलं आखूड, भरभर, पाय अंगाखालीच पडला पाहिजे. तापलेल्या तव्यावर चालल्यासारखं. हा सराव स्पर्धेच्या दोन आठवडे आधी बंद.

ट्रेडमिल चढासाठी ठीक, पण बहुतेक मशीन खाली झुकत नाहीत.

आणि सप्टेंबरचा सातारा म्हणजे भुरभुर पाऊस धरूनच चाला. सुती टी-शर्ट भिजला की घोंगडी होते. काखेत, जांघेत व्हॅसलीन, आणि पुरुषांनी छातीवर दोन चिकटपट्ट्या, लाजू नका. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले असताना निसरडे होतात, उतारावर ते टाळा. धुक्यात तहान लागत नाही, घाम मात्र जातोच.

पठारी: सगळ्यांचे आभार. चहाटळ, व्हिडिओ बायकोकडे आहे, ती देणार नाही असं म्हणते, म्हणजे कुठेतरी पाठवला असणार.

आज पहाटे पुलाच्या आठ फेऱ्या केल्या, चढताना चालत, उतरताना पळत. चहावाल्याने पाचव्या फेरीला विचारलं, "साहेब, काय हरवलंय का?" मांड्या जरा जड आहेत, पण जिना सरळ उतरलो.

आता एक राहिलंय. उतरताना डाव्या पायाचा अंगठा बुटात पुढे आदळतो, नख काळं पडायला लागलंय. बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा, की लेस बांधायची काही वेगळी रीत आहे?