बदकांच्या लपणाला झाडी कुठली? ताजी कापलेली, वाळलेली, की बाजारची जाळी?

पाणकाठ
परवा बदकांच्या फोटोंसाठी पहाटे अंधारातच लपणात, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून काठावर बांधलेल्या आडोशात, शिरलो. उजाडता उजाडता तलवार बदकांचा थवा आला. दोन घिरट्या झाल्या, तिसरीला खाली उतरायला लागला आणि अर्ध्यावरून एकदम वर उसळून निघून गेला. बाहेर येऊन पाहिलं तर कारण समोरच होतं. तीन दिवसांपूर्वी बांधलेल्या वाळुंजाच्या फांद्यांची पानं मुरडून उलटली होती, त्यांची फिकट पाठ वर आली होती. भोवती सगळा रामबाण (पाणथळीत उगवणारं कणसाचं उंच गवत) वाळून तांबूस-पिवळा झालेला, आणि मधोमध हा पांढुरका डाग.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. झाडी त्याच काठाची हवी आणि रोजच्या रोज बदललेली हवी. रामबाणात बसायचं तर रामबाण, बोरूत (काठावरच्या पोकळ काड्यांच्या उंच गवतात) बसायचं तर बोरू. छापील पानांच्या जाळ्या मला अजिबात पटत नाहीत. तसली पानं कुठल्याच पाणथळीवर उगवत नाहीत. तुम्ही काय वापरता?

वाटाड्या
मला हे मान्य नाही. रोज दोन भारे कापलेत तर आठवड्याभरात तुमच्या लपणाभोवती टक्कल पडेल. ज्या आडोशाच्या भरवशावर पक्षी त्या काठाला येतात, तोच आपण तोडायचा? वेतवनात, म्हणजे रामबाण-बोरूच्या दाटीत, राहणारे वटवटे (छोटे पक्षी) उभ्या काड्यांना धरूनच घरटं विणतात. पाणकोंबडी आत-बाहेर करते ती त्याच काड्यांमधून. शिवाय कापायला जाता-येता तुडवलेली वाट वरून स्पष्ट दिसते, ती वेगळीच.

मी साधी मळकट खाकी जाळी लावतो आणि तिच्या घरांत काठावर पडलेलं वाळकं गवत मूठमूठ खोचतो. आकार जाळी मोडते, रंग गवत देतं.

पाणकाठ
हिरवं मी तोडतच नाही हो, फक्त वाळलेल्या काड्या घेतो. त्या मेलेल्याच असतात, त्यात नुकसान कसलं?

दलदलवेडा
इथेच गफलत होते. रामबाणाची वाळकी काडी मेलेली दिसते, पण ती मुळाच्या कामाची असते. खाली चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. या काड्या आतून सच्छिद्र असतात आणि पाण्याबाहेर राहिलेल्या भागातून हवा चिखलातल्या जाड कंदापर्यंत जाते. म्हणून तर रामबाण माजला की त्याला आवरायला तो पाण्याखाली कापतात. वर पाणी चढलं की कंद गुदमरून कुजतो. तुम्ही लपणासाठी बुडापासून कापता तेव्हा नकळत तेच करता.

कापायचंच असेल तर पाणी वाढल्यावरही खुंट वर राहील इतक्या उंचीवर कापा. आणि एकाच ठिकाणी सपाटून न कापता विरळ करत जा.

टेहळणी
सगळे भिंतींबद्दलच बोलताय. छपराचं काय? मॅलार्ड बदकावर झालेला अभ्यास सांगतो की डोकं न हलवता त्याला पुढचं, मागचं आणि डोक्यावरचं सगळं आकाश दिसतं. घिरट्या घालताना थव्याला तुमचं लपण वरूनच दिसतं. चारी बाजूंनी सुंदर बोरू आणि वरून उघडा काळा चौकोन, असली लपणं मी कितीतरी पाहिली आहेत. त्या चौकोनात वर वळलेला माणसाचा चेहरा चमकला की संपलं. दोन-तीन आडव्या काठ्या टाका, त्यावर काड्यांचे शेंडे विरळ वाकवा. बाहेर बघायला फटी राहतात आणि आत सावलीचे तुकडे पडतात.

झाडी त्याच जातीची हवी, हेही मला पटत नाही. बोरूच्या काठावर मी कांस (दुसरं एक उंच गवत) वापरलाय, बदकं अगदी जवळ येऊन उतरली. काड्या उभ्या हव्यात, बूड खाली, शेंडा वर, आणि शेंडे कमी-जास्त उंचीचे. एका रेषेत छाटलेली कड असली तर खुद्द त्या काठाचा बोरूही भिंतीसारखा दिसतो.

वाटाड्या
छपराचं शंभर टक्के मान्य. पण दुसरीकडचा कांस आणू नका, कळकळीची विनंती आहे. भाऱ्यासोबत बी येतं. जलपर्णीचा तर एक तुकडा पुरतो पाणी भरून टाकायला. रामबाणाचं पिकलेलं कणीस हाताळलं की कापूस फुटून उडतो आणि त्यासोबत बी पसरतं.

पाणकाठ
काड्या उंचावर कापायच्या, हे मला ठाऊक नव्हतं. ही चूक मी आजवर करत आलो, आता करणार नाही. पण जाळीला माझा विरोध कायम आहे. पूर्वी मीही ती वापरायचो. एकदा पहाटे पोहोचलो तर सैल कोपऱ्यात वटवट्या अडकला होता, धागा पंखाच्या सांध्याभोवती दोनदा फिरलेला. कात्रीनं सोडवेपर्यंत त्याचं काळीज माझ्या बोटांवर थडथडत होतं. तो उडाला, पण ती जाळी मी परत लावली नाही.

वाटाड्या
वाईट वाटलं वाचून. मात्र दोष सैलपणाचा आणि रात्रभर सोडून जाण्याचा आहे. मी ती ताणून बांधतो आणि उठताना गुंडाळून घरी नेतो. त्यामुळे जाळी सोडायचं मला कारण दिसत नाही. उलट पांढरेपणा आणणाऱ्या साबणानं धुतलेले कपडे सोडा. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या चार. आपल्याला मळकट वाटणारा सदरा त्यांना तसाच दिसेल असं नाही.

दलदलवेडा
मी गेली काही वर्षं कापणं जवळजवळ बंदच केलंय. दाट वेताच्या कडेला माणूसभर पोकळी शोधायची, बुटकं स्टूल ठेवायचं, भोवतीच्या उभ्या काड्या दोन्ही बाजूंनी ओढून डोक्यावर सुतळीनं सैल बांधायच्या. निघताना गाठ सोडली की बऱ्याचशा पुन्हा उभ्या राहतात. रंग जुळवायचा प्रश्नच उरत नाही. विणीच्या दिवसांत मात्र वेतात पाऊलही टाकत नाही.

टेहळणी
पोकळी हवी तिथे मिळाली तर उत्तम. बहुतेकदा ती सूर्याच्या विरुद्ध बाजूला सापडते आणि फोटो काळे येतात. जागा उजेडानं ठरते, झाडीनं नाही.

पाणकाठ
आमच्या काठाच्या पूर्वेला, पाठीवर ऊन घेऊन बसता येईल अशी एक फट आहे. उद्या तिथे काड्या बांधतो आणि पाच-सहा दिवस आत न बसता लांबून दुर्बिणीनं बघतो. वारकरी (काळे पाणपक्षी) बिनधास्त जवळून पोहायला लागले की मगच शिरेन.