मदत हवी आहे: फिका समर एको आणि उल्केचा एको वेगळा कसा करायचा?

नॉर्वेतल्या आंडोयाच्या 53.5 मेगाहर्ट्झ रडारचा मे ते जुलैचा डेटा बघतोय, 80 ते 90 किमी उंचीवरचे समर एको (उन्हाळ्यात तिथल्या बर्फाच्या कणांमुळे परत येणारे रडारचे सिग्नल) शोधायचेत. ऐन उन्हाळ्यात तिथे वर सगळ्यात जास्त थंडी, हेच मुळात डोक्यात बसायला वेळ लागला. जुलैत 85 किमीजवळचा थर डोळ्यांनीच दिसतो, पण मे अखेरीस तो इतका फिका असतो की उल्केची शेपटी कुठली आणि बर्फाच्या कणांमुळे आलेला एको कुठला तेच कळत नाही. एसएनआरची (सिग्नल आणि नॉइजच्या गुणोत्तराची) किमान मर्यादा वाढवली तर खरे एकोही उडतात, मीडियन फिल्टर (आजूबाजूच्या आकड्यांचा मध्यक घेणारा) लावला तर थराच्या कडा पुसल्या जातात. रॉ डेटा नाहीये, फक्त दोन-दोन मिनिटांची सरासरी आहे, त्यामुळे स्पेक्ट्रल विड्थ (एकोच्या फ्रिक्वेन्सीचा पसारा) बघ असं सांगू नका प्लीज. एको सलग किती मिनिटं आणि किती रेंज गेटमध्ये (रडारच्या अंतराच्या टप्प्यांमध्ये) टिकला तर खरा धरायचा?