६ फुटी रीफ टाकी, लातूरचा उन्हाळा: पैसे आधी कशावर घालावेत?

औसारोड_लातूर

नमस्कार मंडळी. सात वर्षं गोड्या पाण्याची प्लांटेड टाकी सांभाळली, आता रीफ, म्हणजे प्रवाळांची समुद्री टाकी करायलोय. ६ बाय २ बाय २ फूट, म्हणजे काठोकाठ ६८० लिटर, खाली १६० लिटरचा संप (पंप-फिल्टर ठेवायची जोडटाकी). तळमजल्यावरची बैठक, जोतं पक्कं, वजनाची काळजी नाही. झोआ, मश्रूम अशी मऊ प्रवाळं (सॉफ्ट कोरल), क्लाउनफिशची जोडी आणि पुढं एक टँग मासा एवढंच ठेवायचंय.

काच आणि स्टँड सोडून साडेतीन लाख बाजूला काढलेत. दुकानदार म्हणतो, पीएच, ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद), क्षारता म्हणजे खारटपणा असे सगळे प्रोब असलेला मोठा कंट्रोलर आणि चार तोंडांचा डोझर (कॅल्शियमसारखे क्षार मोजून सोडणारं यंत्र) घ्या, टाकी आपोआप चालेल. मी बियाण्यांच्या कामासाठी आठवड्यातले तीन दिवस फिरतीवर असतो, म्हणून ते मनाला पटायलंय. पण त्यात निम्मे पैसे जातात आणि चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) राहतो.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ११००. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमच्या घरानं पाहिलंय, त्यामुळं आरओचं फेकपाणी नालीत सोडणं आईला सोसत नाही, मलाही नाही. आणि हो, दुपारी अर्धा-पाऊण तास लाइट जाते, वळवाच्या पावसात कधी रात्रभर.

परभणी_खारंपाणी

दादा, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिली. लाइट गेल्यावर मासे आधी ऑक्सिजन संपल्यानं मरतात, गरमीचा नंबर नंतर. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. म्हणून पहिला पैसा इन्व्हर्टरवर. प्युअर साइनवेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतो आणि तापतो. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, हाती हजार-अकराशे धरा. ४० वॅटचा डीसी रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत चढवणारा) आणि २५ वॅटचा एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा) त्यावर रात्र काढतात. टाकीचे दिवे, हीटर, चिलर त्यावर टाकू नका. वायफायचा राउटर मात्र टाका, नाहीतर लाइट गेल्याचा निरोप फोनवर यायचा तो येतच नाही.

आता ऑटोमेशन. माझी टाकी ४०० लिटरची. तीन वर्षांपूर्वी नांदेडला लग्नाला गेलो होतो. उडालेलं पाणी भरून काढणारा ऑटो टॉप-अप १०० लिटरच्या ड्रमला जोडलेला होता. दुसऱ्या दिवशी परत आलो तर फरशीभर पाणी, ड्रम निम्म्याच्या खाली, आणि संपमध्ये बोराएवढी एक गोगलगाय फ्लोटवर चढून बसलेली. तिच्या वजनानं फ्लोट खालीच राहिला आणि पंप चालूच राहिला. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ ऐवजी ३० दिसलं. झोआ गच्च मिटलेल्या, झेनिया (तेही मऊ प्रवाळच) दगडावरून शेंबडासारखी लोंबत होती. ती वास मारायला लागायच्या आत बोटानं खरवडून काढली, तेव्हा हात थरथरत होते.

त्या दिवसापासून मी कुठलंही उपकरण घेताना एवढंच बघतो, की हे चालू राहून अडकलं तर काय होईल आणि बंद पडून अडकलं तर काय होईल. टॉप-अपला आता दोन सेन्सर आहेत, वरचा फक्त पंप तोडण्यासाठी. आणि ड्रम २० लिटरचा. तुमच्या सगळ्या पाण्यात २० लिटर एकदम गेले तरी क्षारता ३५ ची ३४ होईल, कुणी मरणार नाही. हीटरही तसाच: एक मोठा नको, २०० वॅटचे दोन घ्या. एकाचा रिले (आतला स्विच) चिकटून तो चालूच राहिला तर टाकी शिजत नाही, एक बंद पडला तर डिसेंबरच्या रात्री दुसरा सांभाळून घेतो. आमच्याकडं पारा १० च्या खाली उतरतो, हीटर लागतोच.

कंट्रोलर घ्या, पण छोटा. तापमान, दोन पातळीचे सेन्सर, गळतीचा सेन्सर आणि फोनवर सूचना, बस्स. हौस असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर रीफ-पाय हे टाकी सांभाळायचं सॉफ्टवेअर बसवता येतं. ओआरपीचा प्रोब तुम्हाला काही कामाचा नाही, आणि पीएचचा प्रोब महिन्याला कॅलिब्रेट केला नाही तर खोटं सांगतो.

चिलरचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडीठाक असते, ती वापरा. एक लिटर पाणी उडताना जवळपास दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं. संपवर दोन पंखे थर्मोस्टॅटला जोडून २६.५ वर चालू होतील असे लावले की खोलीत ३५ असताना माझं पाणी २८-२९ ला थांबतं. पण त्याच खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि पंख्याचा जोर जातो, हे मला दोन उन्हाळ्यांनंतर कळलं.

सिडको_प्रवाळ

पंख्यांचं पटलं, पण ८०० लिटरला नुसते पंखे मी लावणार नाही. २९ वर मासे राहतात, पण कोरल आठवडाभर तिथंच राहिलं की फिकं पडायला लागतं. पंखे पहिल्या फळीला आणि २७.५ च्या वर गेलं तरच अर्ध्या एचपीचा चिलर. तो कपाटात कोंडू नका, पाण्यातली काढलेली उष्णता तो खोलीतच ओततो. सावलीतल्या गॅलरीत ठेवा आणि नळ्यांना फोम गुंडाळा. छत्रपती संभाजीनगरला माझा असाच चालतोय.

एक कळकळीनं सांगतो. दगडी प्रवाळ, समुद्री पंखे (पंख्याच्या आकाराचं प्रवाळ), समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. कुणी ‘मिळवून देतो’ म्हणालं तरी हात लावू नका. सॉफ्ट कोरलसुद्धा बिलासकट घ्या आणि खडक कृत्रिमच वापरा.

औसारोड_लातूर

दोघांचेही मनापासून आभार. रात्री हिशेब परत मांडला: इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या, डीसी पंप, छोटा कंट्रोलर, पंखे, आणि चिलर गॅलरीत. सगळं बसतंय. बॅटरीचं पाणी बघायचं आणि २० लिटरचा ड्रम भरायचं काम आईनं स्वतःहून मागून घेतलंय. पाण्याचं काय करावं? आणि डोझरऐवजी चुन्याची निवळी चालते म्हणतात, पानाचा चुना चालेल का?

परभणी_खारंपाणी

पानाचा नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. फूड-ग्रेड कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पावडर घ्या, लिटरला दीड ग्रॅम, त्याहून जास्त विरघळतच नाही. झाकून ठेवा आणि वरची नितळ निवळीच थेंब-थेंब सोडा, तिचा पीएच १२ च्या वर असतो. पण पहिलं वर्षभर सॉफ्ट कोरलला आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) टिकते, म्हणून ना डोझर ना निवळी.

पाण्याचं असं: आरओतून तुमच्याकडं टीडीएस ६०-७० निघेल, तो शून्यावर आणायला डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी) भराभर संपेल. मी मृगाचे पहिले दोन पाऊस जाऊ देतो, मग गच्चीचं पाणी ५०० लिटरच्या टाकीत धरतो. त्याचा टीडीएस १८ येतो, कार्बन आणि डीआयमधून काढलं की थेट मीठ कालवायचं. आरओचं फेकपाणी संडासाला आणि फरशीला वापरा, तुळशीला घालू नका. आईंना सांगा, पावसाळ्यात आरओ मी जवळपास लावतच नाही.