मदत हवी आहे: पेटंट 'एक्स्पायर्ड' दाखवतंय, मग माल बनवू का?

रबाळे_मोल्डिंग
रबाळे एमआयडीसीत माझं प्लास्टिक मोल्डिंगचं युनिट आहे. ठाण्याचा एक व्यापारी पाण्याच्या टाकीच्या फ्लोट व्हॉल्व्हची (तरंगत्या गोळ्याच्या बॉल कॉकची) मोठी ऑर्डर देतोय. नमुना परदेशी कंपनीचा आहे. पेटंट संपलंय, बिनधास्त बनवा, असं तो म्हणतो. गूगल पेटंट्सवर 'एक्स्पायर्ड – फी रिलेटेड' दिसतंय, पण खाली त्याच नावाचे आणखी नंबर आहेत आणि त्यातले काही 'अ‍ॅक्टिव्ह'. टूलरूमवाला शुक्रवारपर्यंत मोल्डचा अ‍ॅडव्हान्स मागतोय. भाषण नको, हो की नाही तेवढं सांगा.

कोपरीकर
नंबरच्या आधी यूएस (अमेरिका) आहे की आयएन (भारत)? आणि माल विकणार कुठे?

रबाळे_मोल्डिंग
यूएस. माल इथलाच, महाराष्ट्र आणि गुजरात. आता सांगा.

वागळे_इस्टेट_काका
अमेरिकेचं पेटंट भारतात चालत नाही. डोळे झाकून बनवा. आणि आपल्याकडे पेटंट 14 वर्षांचंच असतं, मी कारखान्यात होतो तेव्हापासून बघतोय.

ऐरोलीची_एजंट
काका, पहिलं वाक्य बरोबर आहे, पण 14 वर्षं जुन्या कायद्यातली. 20 मे 2003 पासून सगळ्या पेटंटना 20 वर्षं आहेत, आणि ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात, मंजुरीच्या नाही. पीसीटीमार्गे, म्हणजे अनेक देशांसाठी एकत्र केलेल्या आंतरराष्ट्रीय अर्जातून, आलेला अर्ज असेल तर आंतरराष्ट्रीय अर्जाची तारीख धरतात. मंजुरीला आठ वर्षं लागली तर हातात बाराच उरतात.

रबाळे, 'फी रिलेटेड' याचा अर्थ अमेरिकेत मालकाने देखभालीची फी भरली नाही, एवढाच. त्यावरून भारतातल्या अर्जाचं काहीच कळत नाही. एकाच शोधावर प्रत्येक देशात वेगळा अर्ज असतो, त्याची फी वेगळी, मंजुरी वेगळी, मरणही वेगळं. गूगल स्वतःच लिहितं की हे स्टेटस हा अंदाज आहे, कायदेशीर निष्कर्ष नाही. त्या यादीत आयएनने सुरू होणारे किती आहेत?

दिघा_दीपक
एवढं कशाला? डिझाइनमध्ये 10 टक्के बदल करा, पेटंट लागत नाही. रंग बदला, दोन भोकं वाढवा.

ऐरोलीची_एजंट
असा नियम कायद्यात कुठेच नाही, कृपया लोकांना सांगू नका. पेटंटच्या शेवटी क्लेम असतात, म्हणजे नेमका कशावर हक्क आहे ते सांगणारी वाक्यं. त्यातल्या एका स्वतंत्र (दुसऱ्या क्लेमवर न टेकलेल्या) क्लेममधली सगळी अंगं तुमच्या वस्तूत असतील तर रंग आणि भोकांनी काही होत नाही. उलट एक मुख्य अंगच नसेल तर बाकी सगळं सारखं असूनही सुटू शकता.

नेरूळ_सीमा
पेटंट संपण्याचा फायदा आमच्या घरी बघितलाय. आईची मधुमेहाची गोळी सिटाग्लिप्टिन 2022 च्या जुलैत पेटंट संपल्यावर एकदम स्वस्त झाली.

कोपरीकर
औषधांत दुसऱ्या पेटंटचा खेळही असतो. टीबीच्या बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपलं. त्याच औषधाच्या क्षाराचं वेगळं पेटंट जॉन्सन अँड जॉन्सनने मागितलं होतं, मिळालं असतं तर मक्तेदारी 2027 पर्यंत गेली असती. टीबीतून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी मंजुरीपूर्व विरोध दाखल केला आणि मार्च 2023 मध्ये तो अर्ज फेटाळला गेला.

रबाळे_मोल्डिंग
औषधांचा वेगळा धागा काढा ना. आयएनचे दोन आहेत. आता काय करू?

वागळे_इस्टेट_काका
हार्बरने जीटीबी नगरला उतरा, अँटॉप हिलला पेटंट ऑफिस आहे. समोर बसून विचारा.

ऐरोलीची_एजंट
जायची गरज नाही. आयपी इंडियाच्या साइटवर इनपास या पेटंट शोधायच्या सोयीत दोन्ही नंबर टाका आणि ई-रजिस्टर उघडा. अर्जाची तारीख, मंजूर आहे का, नूतनीकरणाची फी कधीपर्यंत भरलीय आणि अर्ज डिव्हिजनल (मूळ अर्जातून वेगळा काढलेला) आहे का, एवढं इथे लिहा. दोन्हींचा पहिला क्लेमही.

सानपाडा_सीए
रजिस्टर्ड डिझाइनही तपासा. ते वेगळ्या कायद्यात येतं, 10 वर्षं आणि वाढवून आणखी 5. जीएसटीचं काही असेल तर मला मेसेज करा.

रबाळे_मोल्डिंग
बघितलं. पहिला अर्ज जून 2009 चा, पीसीटीचा, मंजूर. 2022 पासून फी भरलेली नाही, 'सीज्ड' (बंद पडलेलं) लिहिलंय. दुसरा त्याचाच डिव्हिजनल, 2020 ला मंजूर, फी चालू. 2020 पासून धरलं तर हा 2040 पर्यंत जातो का? पहिल्याचा पहिला क्लेम आतल्या व्हॉल्व्ह सीटचा आहे. दुसऱ्याचा पहिला क्लेम असा: गोळ्याचा दांडा बाजूच्या क्लिपमध्ये अडकतो आणि अवजाराशिवाय पाण्याची पातळी बदलता येते.

ऐरोलीची_एजंट
नाही. डिव्हिजनलची 20 वर्षंही मूळ अर्जाच्या तारखेपासूनच, म्हणून जून 2029. पण मूळ पेटंटची फी थांबली म्हणून डिव्हिजनल मरत नाही, त्याची फी स्वतंत्र असते. पहिलं पुन्हा जिवंत करायचा अर्ज बंद पडल्यापासून 18 महिन्यांत करावा लागतो, ती मुदतही गेली. म्हणजे सीटचा रस्ता मोकळा, क्लिपचा नाही. नमुन्यात ती क्लिप आहे का?

रबाळे_मोल्डिंग
आहे. व्यापाऱ्याला तीच आवडलीय.

ऐरोलीची_एजंट
मग या ड्रॉइंगवर मोल्ड काढू नका. मोल्डचे पैसे एकदा टूलरूमकडे गेले की गेले, आणि कोर्टाचा मनाई हुकूम आला तर तयार मालही पडून राहील. पितळी आटेवाला दांडा आणि नट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, त्यात ती क्लिपच नाही. त्यावर ड्रॉइंग बदला, सगळे स्वतंत्र क्लेम कुणा पेटंट एजंटकडून वाचून घ्या आणि लेखी मत हातात ठेवा. व्यापाऱ्याच्या तोंडी 'संपलंय' वर जाऊ नका, बनवणारे तुम्ही आहात.

दिघा_दीपक
तरी माझ्या ओळखीत चारजण असंच बनवतात, कुणाला नोटीस नाही.

कोपरीकर
आलेली नाही म्हणजे येणार नाही असं नाही.

रबाळे_मोल्डिंग
व्यापाऱ्याला आटेवाला दांडा चालतोय, भाव थोडा कमी मागतोय. टूलरूमला शुक्रवारी पैसे देत नाही, आधी नवं ड्रॉइंग आणि लेखी मत. ताई, खूप आभार. तुर्भ्यात पितळी दांडे आटे पाडून देणारं कुणी माहीत आहे का?

वागळे_इस्टेट_काका
तुर्भे कशाला, वागळेला या.