उदयपूर, दीड दिवस. मदत हवी आहे (जरा घाई आहे)

वरणभात: शनिवारी सकाळी पोचतोय, रविवारी संध्याकाळी परत. सिटी पॅलेस, पिछोला तळ्यात बोटिंग, सज्जनगड (साताऱ्याचा नव्हे, इथला डोंगरावरचा महाल), कुंभलगड, नाथद्वारा एवढं बसवायचंय. कुठला क्रम लावू? जुने धागे वाचून डोकं उठलंय, प्लीज लवकर सांगा.

भटक्या७१: ट्रेन की विमान? किती जण? महिना कोणता? मुक्काम कुठे?

वरणभात: विमान. चौघं. हॉटेल बुक आहे. क्रम सांगा ना.

कोथरूडची_माऊ: कुंभलगड अजिबात सोडू नका!! ३६ किलोमीटरची तटबंदी. राजवाडे काय, कुठेही दिसतात. आणि तिथवर गेलातच तर रणकपूरचं जैन मंदिरही करून टाका.

भटक्या७१: माऊताई, दीड दिवस म्हणतायत ते. कुंभलगड एका बाजूने ८५ किमी, शेवटचा रस्ता घाटाचा. जाऊन-येऊन दिवस गेला. डबोकचा विमानतळही शहरापासून वीस-बावीस किमी आहे, तो वेळ धरा.

कोथरूडची_माऊ: आम्ही पहाटे पाचला निघालो होतो. इच्छा असली की होतं.

गोविंदविडा: नाथद्वाऱ्याचं आधी ठरवा, बाकीचं त्याभोवती. श्रीनाथजींचं देऊळ दिवसभर उघडं नसतं. मंगलापासून शयनापर्यंत आठ दर्शनं, मध्ये पट बंद. उघडले की अशी रेटारेटी की पायातली चप्पल कुठे गेली कळत नाही. आमचं राजभोगाचं दर्शन पाच मिनिटांनी हुकलं, मग थेट पुढच्या, उत्थापनाच्या दर्शनापर्यंत बाहेर बसून कुल्हडातला पुदिन्याचा चहा. तीन तीन कप झाले. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी विचारून घ्या.

बखरवाला: श्रीनाथजी मुळात गोवर्धनचे. औरंगजेबाच्या भीतीने मूर्ती हलवली, महाराणा राजसिंहांनी आसरा दिला, १६७२ मध्ये इथे स्थापना. आणि आपला संबंध विसरू नका, राज्याभिषेकाच्या वेळी गागाभट्टांनी भोसल्यांचं कूळ याच सिसोदियांशी, म्हणजे मेवाडच्या राजघराण्याशी, जोडलं.

भटक्या७१: हो, आणि पुढे १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी याच उदयपूरला वेढा घातला. तेव्हा शहर लढवलं अमरचंद बडव्यांनी, आणि गणगौर घाटावरची बागोर की हवेली त्यांनीच बांधलेली. तिथे रोज संध्याकाळी सातला राजस्थानी नाचांचा कार्यक्रम असतो. कुळाची गोष्ट तिथे जरा हळू आवाजात सांगा.

बखरवाला: वेढ्यामागे मेवाडच्या गादीचा तंटा होता. शिंदे एका पक्षाच्या बोलावण्यावरून गेले होते. उगाच लुटारू ठरवू नका.

वरणभात: मंडळी, माझा क्रम?? गणगौर घाटाजवळच हॉटेल आहे. जुना वाडा, तिसरा मजला, तळ्याकडची खोली. आईच्या गुडघ्यांमुळे लिफ्ट आहे का विचारलं, तर नाही म्हणाले.

भटक्या७१: गुडघे! हे आधी सांगायचंत. त्या गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही, रिक्षा लागेल. आत्ता फोन करून खालची खोली मागा. सिटी पॅलेसमध्ये जिने एकावेळी एकच माणूस जाईल इतके अरुंद, पायऱ्या उंच, वाट एकेरी. मध्यात थकलं की मागे फिरणं अवघड. जगदीश मंदिरालाही बत्तीस पायऱ्या आहेत.

नीरजा_सातारा: सासूबाईंना आम्ही पॅलेसच्या चौकात बसवून आत गेलो, मग जगमंदिरची (तळ्यातल्या महालाची) बोट सगळ्यांनी घेतली. बोट पॅलेसच्या घाटावरूनच सुटते, संध्याकाळचं तिकीट महाग. बोटीत चढताना मात्र हात धरावा लागला.

वरणभात: खालची खोली मिळाली, पण तळं दिसत नाही, बायको बोलत नाहीये. शनिवारी पॅलेस, बोट, बागोर. रविवारी सकाळी नाथद्वारा, कारण आईचा हट्ट. वाटेत एकलिंगजीचं देऊळ. सज्जनगड राहिला, कुंभलगड रद्द.

गोविंदविडा: एकलिंगजीही दुपारी बंद असतं हो. आधी नाथद्वारा उरका, मग वेळ बघा.

गुळपोळी: उदयपूरला बांधणीची साडी खरी कशी ओळखायची? कुणी सांगेल का?

कोथरूडची_माऊ: रणकपूर तरी ठेवा ना.